दांडी दाबा, सूर सांभाळा!

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला लावलेली वाकडी दांडी म्हणजे ट्रेमोलो. बरेच वादक तिला व्हॅमी बार म्हणतात. हलकेच हलवली की सूर थरथरतो, आणि पार खाली दाबली की तारा लोंबायला लागतात व आवाज खोल कोसळतो. खरी कसोटी लागते ती दांडी सोडल्यावर. सहाही तारा आपापल्या जागी, नेमक्या सुरात परत यायला हव्यात. मोटारसायकलची कामं करणारे, दागिने घडवणारे, शाळकरी मुलं आणि मोठमोठे कारखाने नव्वदहून अधिक वर्षं या कोड्यामागे आहेत. त्या खटपटीतून निघालेल्या या चटकदार गोष्टी. घरी ट्रेमोलोची गिटार असेल, तर यातल्या निम्म्या आज संध्याकाळीच उपयोगी पडतील.

१. छोट्या स्प्रिंगा, मोठी ओढाताण

‘टेन’ या जाडीच्या तारांचा नेहमीचा सेट चढवून गिटार सुरात लावली की सहा तारांचा एकूण ताण साधारण ४६ किलो होतो, त्याहून बारीक ‘नाइन’च्या सेटचा साधारण ३८ किलो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर हा सगळा ताण ब्रिजला पुढे खेचत असतो आणि गिटारच्या पाठीतल्या तीन ते पाच स्प्रिंगा त्याला मागे धरून ठेवतात. हा तराजू आहे: एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. म्हणून ‘नाइन’ काढून ‘टेन’ चढवल्या की ब्रिज पुढे झुकतो, आणि पाठीमागे स्प्रिंगा ज्याला अडकवलेल्या असतात त्या क्लॉचे स्क्रू आवळल्याशिवाय तो सरळ होत नाही.

२. ताण अर्धा, सूर सहा फ्रेट खाली

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ताण निम्म्यावर आला की सूर सहा फ्रेटइतका उतरतो. पूर्ण सप्तक खाली जायचं तर ताण पाव करावा लागतो. रॉकमधल्या ‘डाइव्ह बॉम्ब’मध्ये वादक त्याच्याही पलीकडे जातो आणि ताण जवळजवळ संपवतो. तिथून तार परत यावी ही अपेक्षा किती मोठी आहे, ते यावरून कळेल.

३. पाव मिलिमीटरचा खेळ

ट्रेमोलोवर तिसरी, म्हणजे जी तार सर्वांत हळवी. ब्रिजपाशी ती साधारण पाव मिलिमीटर सरकली तरी सूर एका फ्रेटइतका बदलतो. मग परतताना तार मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशाने जरी कुठे अडकली, तरी ते कानाला टोचणारच. ट्रेमोलोचं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं: तार जिथून निघाली, तिथेच परतली पाहिजे.

४. एक तुटली की पाच चढतात

तराजूचा नियम इथे लख्ख दिसतो. असा तोलावर तरंगणारा ब्रिज असेल, तर एक तार तुटली की तारांचं पारडं हलकं होतं. स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. याच्या उलट, एक तार बोटाने ताणून बेंड घेतला की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. म्हणून तरंगत्या ब्रिजवर एक तार बेंड करून शेजारची स्थिर धरणं हे कसलेल्या हाताचं काम. १९५८मध्ये आलेल्या फेंडर जॅझमास्टरच्या ट्रेमोलोला एक सरकतं बटण दिलं होतं. ते लावलं की तार तुटल्यावरही उरलेल्या तारा सुरात राहू शकतात.

५. मोटरवर चालणारा ट्रेमोलो

या यंत्राच्या पहिल्या शिल्पकारांपैकी एक म्हणजे अमेरिकेतले डॉक कॉफमन. त्यांनी १९२९मध्ये ‘व्हायब्रोला’ या ट्रेमोलोच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२मध्ये ते मिळालं. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रिकनबॅकरच्या एका गिटारच्या पोटात त्यांनी चक्क विजेची मोटर बसवली. वादकाने नुसतं वाजवायचं, सूर मोटर हलवणार! पुढे १९४५च्या सुमारास हेच कॉफमन लिओ फेंडर यांचे भागीदार झाले. त्या कंपनीचं नाव दोघांच्या आद्याक्षरांवरून ‘के अँड एफ’.

६. दुरुस्तीला आली, नवा शोध देऊन गेली

कॅलिफोर्नियातले पॉल बिग्सबी मोटारसायकलप्रेमी आणि यंत्रकामात तरबेज. कंट्री गायक-गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस त्यांच्याकडे आपली गिटार घेऊन गेले. तिच्यावर कॉफमनचा व्हायब्रोला होता आणि दांडी वापरली की सूर टिकत नसे. बिग्सबींनी जुन्याची डागडुजी करत बसण्यापेक्षा स्वतःचाच ट्रेमोलो घडवला. ओतीव ॲल्युमिनियमचा सांगाडा, आडवा फिरणारा दांडा आणि दांडीखाली एकच जाडजूड स्प्रिंग. बिग्सबीने सूर थोडाच हलतो, पण हलतो तो अतिशय गोड. आजही ही रचना फारशी न बदलता विकली जाते. बिग्सबीच्या गिटारवर तारा ब्रिजच्या सॅडलवरून, म्हणजे त्या जिथे टेकतात त्या आधारावरून, पुढे-मागे घासतात, म्हणून पुष्कळ जण तिथे फिरत्या रोलरांचा ब्रिज बसवतात. उपाय तोच: घासू नका, सरकू द्या.

७. गिटार न वाजवणाऱ्याची कमाल

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. तरी १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरवर त्यांनी दिलेल्या ट्रेमोलोच्या जगात सर्वांत जास्त नकला झाल्या असाव्यात. ब्रिज सहा स्क्रूंवर झुलतो, खाली पोलादाचा जड ठोकळा आणि त्याला पाठीमागून स्प्रिंगा. या रचनेचं पेटंट १९५६मध्ये मिळालं. आधीच्या नमुन्यात आवाज टिकत नव्हता. या जड ठोकळ्याने तो प्रश्न सोडवला. फेंडरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ब्रिजची मागची कड गिटारच्या अंगापासून सुमारे ३.२ मिलिमीटर उचललेली असते. तेवढ्या फटीमुळे दांडी वर ओढूनही सूर थोडा चढवता येतो.

८. खरा गुन्हेगार: नट

सूर बिघडला की सगळे खुंट्यांवर संशय घेतात. बहुतेक वेळा दोषी असतो नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी. ओळखायची खूण सोपी आहे.

दांडी दाबून सोडल्यावर तार *चढलेली* राहिली, तर ती नटमध्ये अडकते आहे. दाबताना ती खुंटीच्या बाजूला सरकली आणि परत ब्रिजकडे आलीच नाही.

बेंड घेतल्यावर किंवा दांडी वर ओढून सोडल्यावर तार *उतरलेली* राहिली, तरी दोषी तोच नट. या वेळी तार ब्रिजकडे आली आणि परत गेली नाही.

दांडी दाबून सोडल्यावर तार *उतरली*, तर खुंटीवरचे वेढे तपासा. तिथे तार सैल गुंडाळलेली असण्याची शक्यता जास्त.

यातूनच मंचावरची एक युक्ती निघते. डाइव्हनंतर तार चढलेली वाटली, तर ती बोटाने एकदा ताणून सोडा. बेंडनंतर उतरलेली वाटली, तर दांडीला एक हलका धक्का द्या. तार पुष्कळदा मूळ जागी येऊन बसते, तीही गाणं न थांबवता.

९. दप्तरातलं औषध

तार लावताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज आला, तर समजा की तार खाचेत अडकली होती आणि आत्ता सुटली. घरगुती उपाय म्हणजे साधी शिसपेन्सिल. टोकाचं ग्रॅफाइट खाचेत घासायचं. ग्रॅफाइट कोरडं वंगण आहे, तेलासारखं ते धूळ धरत नाही. तारा बदलताना दर वेळी हे करा, आणि सॅडलवर व हेडस्टॉकवरच्या स्ट्रिंग ट्रीखालीही घासा. पण खाच मुळात तारेपेक्षा अरुंद असेल, तर पेन्सिल पुरत नाही. मग जाणत्या कारागिराकडून खाच फाइल करून घ्यावी. जाड तारांचा सेट चढवल्यावर हा त्रास हमखास उद्भवतो, कारण खाचा आधीच्या बारीक तारांच्या मापाच्या असतात.

१०. वुडस्टॉकची सकाळ

१८ ऑगस्ट १९६९च्या सकाळी जिमी हेंड्रिक्स यांनी वुडस्टॉकच्या मंचावर अमेरिकेचं राष्ट्रगीत पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजवलं आणि दांडीने त्यातून बॉम्बगोळ्यांचे, सायरनचे आवाज काढले. ती उजव्या हाताची गिटार होती. डावखुऱ्या हेंड्रिक्सनी ती उलटी धरून तारा आपल्या सोयीने लावल्या होत्या, त्यामुळे दांडी वरच्या अंगाला आली होती. तारा आवळून धरणारा लॉकिंग नट तेव्हा नव्हता. सूर हलला की हेंड्रिक्स वाजवता वाजवताच खुंट्या फिरवून तो जागेवर आणत. ते कसब म्हणजे संगीताचाच भाग होता. ती गिटार आज सिॲटलच्या म्युझियम ऑफ पॉप कल्चरमध्ये आहे.

११. मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईची विणकामाची सुई

१९६३मध्ये लंडनजवळ सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी घरीच गिटार बनवायला घेतली, कारण फेंडर परवडत नव्हती. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. ट्रेमोलोचा ब्रिज सुरीच्या धारेसारख्या पोलादी कडेवर टेकलेला. स्प्रिंगा जुन्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, दांडी सायकलच्या पिशवीच्या आधाराची, आणि दांडीचं टोक विणकामाच्या सुईचं. सॅडलवर हाताने घडवलेले रोलर बसवले, आणि हेडस्टॉकचा कोन अगदी कमी ठेवला. म्हणजे घर्षण जिथे जिथे होऊ शकतं, तिथे तिथे बापलेकांनी ते कमी केलं. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार पुढे क्वीन या बँडच्या मैफलींमध्ये जगभर वाजली. जून २००२मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरून ब्रायन मे यांनी वाजवली ती हीच. ट्रेमोलो समजून घ्यायचा असेल, तर या गिटारइतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं नाही.

१२. तारा उकळणारा जादूगार

१९७८च्या व्हॅन हेलनच्या पहिल्या अल्बममधलं ‘इरप्शन’ ऐकलं की वाटतं, या गिटारवर खास कुलूपबंद यंत्रणा असणार. ती नव्हती! एडी व्हॅन हेलन तेव्हा फेंडरच्या साध्या ट्रेमोलोवर वाजवत. नटच्या खाचा मोठ्या, त्यांत तेल, आणि नव्या तारा आधी उकळून घ्यायच्या, म्हणजे त्यांची ताणण्याची हौस आधीच फिटेल. आपल्याला उकळायची गरज नाही. नवी तार चढवल्यावर ती बोटांनी फ्रेटबोर्डपासून हलकेच उचलून ताणा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा ताणा. ताणल्यावरही ती उतरेनाशी झाली की काम झालं.

१३. दागिन्यांच्या हत्यारांतून क्रांती

फ्लॉइड रोज हे रॉक बँडमधले गिटारवादक. हेंड्रिक्स आणि डीप पर्पलचं संगीत त्यांच्या आवडीचं, पण दांडी वापरली की गिटार बेसूर. वंगण लावून झालं, वेढे कमी करून झालं. शेवटी त्यांनी ठरवलं, तार नटवरून सरकूच द्यायची नाही. दागिने घडवायच्या हत्यारांनी त्यांनी पितळेचा नट घडवला आणि त्यात तारा चिमट्यांनी आवळून धरल्या. पितळ लवकर झिजलं, म्हणून कठीण धातू वापरला. पुढे ब्रिजपाशीही तारांना कुलूप लागलं आणि ब्रिज सहा स्क्रूंऐवजी दोन स्टडवर, सुरीच्या धारेसारख्या कडांवर टेकला. पेटंटचा अर्ज १९७७चा, पेटंट १९७९चं. १९८०च्या दशकातल्या हेवी मेटलचा आवाज या दोन कुलपांवर उभा आहे.

१४. कुलपाचीही शिस्त असते

फ्लॉइड रोजवर नट बंद केला की खुंट्या निकामी होतात. म्हणून ब्रिजवर बोटाने फिरवायचे फाइन ट्यूनर दिले आहेत. क्रम पाळला तर ही यंत्रणा सोन्यासारखी वागते: आधी तारा नीट ताणून घ्या, सगळ्या सुरात लावा, फाइन ट्यूनर मधोमध ठेवा, आणि मगच नट आवळा. तार बसवताना टोकाची गोळी कापावी लागते. नट आणि सॅडलचे स्क्रू ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरतात, तेव्हा ती की गिटारच्या पेटीत कायम असू द्या. तारा बदलताना एकेक करून बदला किंवा ब्रिजखाली घडी घातलेलं कापड ठेवा. सगळ्या एकदम काढल्या की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचून टाकतात आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते.

१५. कॉर्ड का फिसकटतो?

दांडी दाबली की सहाही तारा सारख्या उतरत नाहीत. जाडी, गाभा आणि सूर वेगळा, त्यामुळे प्रत्येकीचा प्रतिसाद वेगळा. साध्या, न गुंडाळलेल्या तारांमध्ये जी तार सर्वांत जास्त हलते, वरची ई सर्वांत कमी. म्हणून दांडीसह वाजवलेला कॉर्ड किंचित विस्कटतो. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८४च्या सुमारास ‘ट्रान्सट्रेम’ आणला. त्यात सगळ्या तारा बरोबरीने वर-खाली होतात आणि अख्खा कॉर्ड सुरात राहून सरकतो. व्हॅन हेलनच्या १९८६च्या अल्बममधल्या ‘समर नाइट्स’मध्ये एडींनी तो वापरला आहे.

१६. ज्याची त्याची दांडी

एरिक क्लॅप्टन यांनी आपल्या स्ट्रॅटोकास्टरच्या ट्रेमोलोमागे लाकडाचा ठोकळा ठोकून तो बंदच केला. डेव्हिड गिलमोर यांनी दांडी कापून आखूड केली. त्यांच्या प्रसिद्ध काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर १९८०च्या दशकात काही काळ काहलर कंपनीचा ट्रेमोलो होता, पुढे पुन्हा फेंडरचा बसला. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ही गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. जेफ बेक यांनी नटमध्ये रोलर बसवले आणि ‘व्हेअर वेअर यू’ या १९८९च्या रचनेत दांडीवरच गाण्याची चाल काढली. त्यातली सूर घसरवण्याची नजाकत आपल्याकडच्या मींडेची आठवण करून देते. आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइनचे केव्हिन शील्ड्स दांडी मुठीत धरूनच कॉर्ड वाजवतात. १९९१च्या ‘लव्हलेस’चा तरंगता आवाज त्यातून आला.

१७. वेढे किती?

साध्या खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरतात. जास्त वेढे म्हणजे जास्त सैल जागा आणि तितकी सूर हलायची संधी. वेढे एकाखाली एक, नीट खाली उतरत गेलेले हवेत. लॉकिंग खुंट्यांमध्ये तार आतच आवळली जाते, एक वेढाही लागत नाही. ट्रेमोलोसाठी पैसे खर्च करायचे असतील तर आधी चांगला नट, मग लॉकिंग खुंट्या, असा क्रम ठेवा.

१८. मुंबईचा पावसाळा आणि एसी हॉल

मंचावरच्या दिव्यांनी तारा तापल्या की पोलाद प्रसरण पावतं आणि सूर उतरतो. थंडगार एसीत आणलेली गिटार उलटी वागते. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत तारांवर गंज लवकर चढतो. गंजलेली खरखरीत तार नटच्या खाचेत सरकत नाही, अडकतेच. म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचल्यावर गिटारला हवेची सवय होऊ द्या, मगच सूर लावा.

१९. आज संध्याकाळची तपासणी

तारा जुन्या असतील तर बदला आणि नीट ताणून घ्या. नट, सॅडल आणि स्ट्रिंग ट्रीवर पेन्सिल घासा. सहाही तारा लावा. तरंगत्या ब्रिजवर एक लावली की बाकीच्या हलतात, तेव्हा तीन-चार फेऱ्या होईपर्यंत धीर धरा. प्रत्येक तार खालून वर चढवत सुरात आणा, उतरवत आणू नका. मग दांडी जोरात दाबून सोडा आणि ट्यूनरवर एकेक तार पाहा. चढली की उतरली, ते लिहून घ्या. आठव्या मुद्द्यातली खूण तुम्हाला थेट दोषाच्या जागी नेईल.

ट्रेमोलोने गिटार बेसूर होते म्हणून दांडी काढून पेटीत टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांना मनापासून सांगणं आहे: दांडी पुन्हा लावा. दोष बहुधा तिचा नसतो, तार जिथे घासते त्या जागेचा असतो, आणि ती जागा एका पेन्सिलीने, फार तर कारागिराच्या एका फाइलने सुधारते. घर्षण काढा, गिटार सुरात राहील.